पोहणारा माणूस बुडतो व्हय?

त्या जहाजावर माझी पोस्टिंग झाली तेव्हा नोकरीची अठरा वर्षं झाली होती. हुद्दा चीफ पेटी ऑफिसर, काम इंजिनरूमचं, बंदर मुंबई, ताफा पश्चिमेचा. जहाजाचं नाव लिहीत नाही. ते अजून समुद्रात आहे आणि त्याच्यावर आज दुसरी पोरं राबतायत. फ्रिगेट होतं, म्हणजे लढाऊ जहाज, एवढं सांगतो.

आता आमच्या पडेगावात फ्रिगेट म्हटलं की समोरचा माणूस समजल्यासारखी मान डोलावतो आणि लगेच विचारतो, "पगार डॉलरमध्ये का हो?" त्याच्या डोक्यात मर्चंट नेव्ही असते. मी सांगतो, नाही बाबा, मी सैनिक होतो. मग तो माझ्या पोटाकडं बघतो आणि म्हणतो, "हा, पण लढाई नसंल ना तिकडं." छावणीतल्या कॅन्टीनच्या रांगेत पायदळातले निवृत्त दोस्तही टोमणा मारतात. "दिगंबरराव, तुमचं बरं होतं. बसल्या जागी मासे." ती चेष्टा मला गोड लागते. त्यांनी बर्फात पाय गमावलेत, त्यांना तो हक्क आहे. पण ज्यांनी आयुष्यात कधी नळाची चावीसुद्धा दुरुस्त केली नाही त्यांनी मला विचारावं की नेव्हीत काय धोका असतो, तेव्हा माझं डोकं सणकतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, राग काही निवृत्त झाला नाही.

म्हणून आधी नौदल काय असतं ते सांगतो आणि मग रामेश्वरचं सांगतो.

नौदलाच्या तीन कमांड आहेत. पश्चिमेची मुंबईला, पूर्वेची विशाखापट्टणमला, दक्षिणेची कोचीला. तिसरीकडं मुख्यतः शिकवण्याचं काम. पहिल्या दोघींकडं आपापला ताफा असतो आणि त्या ताफ्यावर एक रिअर अॅडमिरल. ताफा म्हणजे सगळी सारखीच जहाजं नव्हेत. विमानवाहू जहाज म्हणजे तरंगतं विमानतळ. त्याच्या आजूबाजूला डिस्ट्रॉयर आणि फ्रिगेट, त्यांचं काम मोठ्या जहाजाला जपायचं आणि शत्रूला शोधायचं. त्यांच्याहून लहान कॉर्व्हेट, किनाऱ्याजवळ चपळ. पाण्याखाली पाणबुड्या, त्या कुठं आहेत ते आम्हालाही माहीत नसायचं. मागं इंधनाचा टँकर फिरतो, कारण समुद्रात पेट्रोलपंप नसतो. शिवाय तळ मोजणारी सर्वेक्षण जहाजं, गस्तीच्या नौका, विमानं, हेलिकॉप्टरं. तुमच्या घरातला गॅस, तुमच्या मोटरसायकलीतलं तेल ज्या वाटेनं येतं ती वाट ही सगळी मंडळी राखतात. वैजापूरचा कांदा बाहेर देशी जातो तोही त्याच वाटेनं. पण वैजापूरच्या मार्केट यार्डात हे कुणाला सांगून बघा.

एका जहाजात शेकडो माणसं आणि चार-पाच खाती. एक्झिक्युटिव्हवाले जहाज हाकतात आणि शस्त्रं चालवतात. इलेक्ट्रिकलवाले रडार आणि वायरी सांभाळतात. लॉजिस्टिक्सवाले रेशन, कपडे, स्वयंपाक. आम्ही इंजिनिअरिंगवाले खाली, जिथं दिवस-रात्र कळत नाही आणि डिझेलचा वास आंघोळ केली तरी जात नाही. ही झाली कागदावरची रचना. खरी रचना वेगळी असते. जहाजावर प्रत्येक माणसाला दुसरं काम असतं. आग लागली की आचारी पाण्याचा पाइप धरतो. कारकून जखमी उचलतो. न्हावी तोफगोळे चढवतो. समुद्रात बाहेरून कुणी मदतीला येत नाही, म्हणून दुसरं कामही पहिल्याइतकंच घोटून घेतलेलं असतं.

रामेश्वरचं पहिलं काम माझ्या हाताखाली, लीडिंग मेकॅनिक. दुसरं काम शिप्स डायव्हर. म्हणजे जहाजाच्या बुडाखाली काही अडकलं तर पाण्यात उतरायचं, माणूस समुद्रात पडला तर त्याला काढायचं. त्यासाठी वेगळा कोर्स असतो आणि त्यात निम्मी पोरं गळतात. किनाऱ्यावरची, कोळ्यांची पोरं गळाली. वैजापूर तालुक्यातला हा गडी पास झाला.

मी त्याला पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "तू पोहायला कुठं शिकलास रे? तुमच्याकडं तर प्यायला पाणी नसतं."

"विहिरीत, चीफ. अण्णानं पाठीला डबा बांधला आन् दिलं ढकलून."

"मग?"

"मग काय? डबा सुटला. मी राहिलो."

असा होता. बोलायला कमी, हसायला लवकर. आम्ही दोघं एकाच जिल्ह्याचे, त्यामुळं ड्यूटीवर मी चीफ आणि ड्यूटी संपली की दिगूभाऊ. गावाकडून त्याची बायको सविता काळ्या मसाल्याचा डबा पाठवायची. तो मेसमध्ये कुणाला हात लावू द्यायचा नाही, मला मात्र चमचाभर मिळायचा. नवीन लग्न होतं. फोनची रेंज संपेपर्यंत तो डेकवरून हलायचा नाही, आणि मग खाली येऊन दुप्पट काम करायचा.

ती घटना पावसाळ्यातली. आम्ही गस्त संपवून मुंबईकडं परतत होतो. समुद्र खवळलेला, जहाज इतकं डोलत होतं की सकाळचा चहा कुणाच्या पोटात टिकला नव्हता. माझी वॉच, म्हणजे कामाची पाळी, नुकतीच संपली होती. स्पीकरवर आवाज आला. "डू यू हिअर देअर." जहाजावरची प्रत्येक घोषणा याच शब्दांनी सुरू होते. मग कॅप्टन स्वतः बोलले. एका खाजगी बार्जचं इंजिन बंद पडलंय, ती वाहत चाललीय आणि तिच्यात पाणी भरतंय. आपण सर्वांत जवळ आहोत. रेस्क्यू स्टेशन्स, म्हणजे माणसं वाचवायला ज्यानं त्यानं नेमून दिलेल्या जागी उभं राहायचं.

बार्ज म्हणजे सपाट तळाची सामान वाहणारी होडी. तिच्यावर चौदा कामगार होते. अशा हवेत ती बाहेर कशी पडली, कुणी पाठवली, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही. आम्ही पोचलो तेव्हा ती एका कुशीवर कलली होती आणि बहुतेक माणसं पाण्यात होती. केशरी जॅकेटं लाटेवर दिसायची, मग दिसायची नाहीत. वाऱ्यामुळं हेलिकॉप्टर उडवता येत नव्हतं. होडी सोडायचा प्रयत्न केला, ती जहाजाच्या अंगावरच आपटली. कॅप्टननी जहाज असं आडवं धरलं की बार्जच्या बाजूला थोडी आडोशाची जागा तयार झाली, आणि आम्ही त्या अंगाला जाळी सोडली. ही दोरांची जाळी असते, पाण्यातला माणूस तिला धरून वर चढतो. अंगात जोर असलेले चढले. ज्यांच्या अंगात जोर उरला नव्हता त्यांच्यासाठी डायव्हर उतरले. दोघं होते. एक केरळचा सीमन, दुसरा रामेश्वर.

प्रत्येक डायव्हरच्या कमरेला दोर असतो. दोराचं दुसरं टोक डेकवर एका माणसाच्या हातात असतं. तो माणूस ते टोक सोडत नाही, दुसऱ्या कशाकडं बघत नाही, कुणाशी बोलत नाही. रामेश्वरचा दोर माझ्या हातात होता. तीच माझी रेस्क्यू स्टेशनची जागा होती आणि तीच त्याचीही मागणी असायची. "दोर दिगूभाऊकडं द्या," म्हणायचा.

वाऱ्यात लांबून हाक ऐकू जात नाही, म्हणून दोरालाच भाषा असते. एक झटका, ठीक आहे. चार झटके, वर ओढा. यापलीकडंही खुणा आहेत, पण त्या दिवशी एवढ्याच लागल्या.

त्यानं पहिला माणूस आणला. चार झटके आले, आम्ही तिघांनी मिळून ओढलं, रामेश्वर त्या माणसाला कवटाळून वर आला. जाळीपाशी त्याला सोपवून परत गेला. दुसरा आणला. तिसरा आणला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मी जाळीवरून वाकून ओरडलो, "रामेश्वर, बस! वर ये!" त्यानं बार्जकडं बोट दाखवलं. तिच्या कलत्या कडेला एक माणूस अडकून होता, जॅकेट नाही, मान पडलेली.

"एकच राहिलाय, चीफ!"

ब्रिजवरून, कॅप्टन जहाज हाकतात तिथून, विचारणा झाली. डायव्हर जाऊ शकतो का? रामेश्वरनं अंगठा वर केला. परवानगी मिळाली.

तो पोचलेला मी पाहिला. त्यानं त्या माणसाला सोडवलेलं पाहिलं. मग मोठी लाट मध्ये आली आणि दोघं दिसेनासे झाले. माझ्या हातात फक्त दोर. मी एक झटका दिला. उत्तराचा एक झटका आला. ठीक आहे. थोडा वेळ गेला. मग चार झटके आले. स्पष्ट, ठोक, एकसारखे. आम्ही ओढायला लागलो.

वर आला तो रामेश्वर नव्हता.

तो बार्जवरचा माणूस होता. बेशुद्ध. रामेश्वरचा दोर त्याच्या काखेखालून घेतलेला आणि छातीवर गाठ. ती गाठ मी स्वतःच्या हातानं सोडली. आमच्या कोर्समध्ये शिकवतात तीच गाठ, थंडीनं बोटं वळलेली असताना, पाण्याखाली, आंधळेपणानं बांधलेली, आणि कुठंही सैल नाही. मी काय झालं ते तिथंच समजलो. त्याच्या हातांत त्या माणसाला धरून ठेवण्याइतकी ताकद उरली नव्हती. त्यानं धरलं असतं तर ओढताना माणूस निसटला असता. म्हणून त्यानं दोर सोडून त्याला बांधला, चार झटके दिले आणि स्वतः दोर परत येण्याची वाट बघत थांबला.

दोर परत टाकायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बार्ज उलटली. ज्या अंगाला तो होता त्याच अंगाला.

आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. वारा पडला तशी हेलिकॉप्टरं आली, ताफ्यातली आणखी दोन जहाजं आली. दुसऱ्या दिवशी शोधलं, तिसऱ्या दिवशी शोधलं. त्याचं एक फिन, पोहताना पायात घालतात तो रबरी पंजा, सापडलं. बार्जवरचे चौदाच्या चौदा कामगार जिवंत घरी गेले. मग कॅप्टननी सगळ्यांना डेकवर बोलावलं, त्या जागी इंजिनं थांबवायला सांगितली आणि पुष्पचक्र पाण्यावर सोडलं. खालून येणारा इंजिनरूमचा आवाज बंद झाला. अशी शांतता मी समुद्रात कधी ऐकली नव्हती. मला ती सहन झाली नाही आणि मी रडलो. माझ्याबरोबर सगळी पोरं रडली.

नौदलानं आपलं काम नीट केलं. चौकशी झाली, साक्षी झाल्या, माझीही झाली. कर्तव्यावर असताना मृत्यू असा निर्वाळा मिळाला. जे मिळायला हवं ते सविताला मिळालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढची आहे.

गावाला कळवल्यावर मी आणि एक ऑफिसर असे दोघं निघालो. गावात शिरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. शाळा सोडलेली. ट्रॅक्टरची ट्रॉली झेंडूनं सजवलेली. गावात याआधी लष्करातल्या दोघांच्या शवपेट्या आल्या होत्या, तशीच तयारी. गाडी थांबली. आम्ही दोघं उतरलो. माझ्या हातात त्याची किट बॅग आणि टोपी. लोक आमच्याकडं बघेनात, गाडीच्या मागं बघायला लागले. एक जण पुढं आला.

"बॉडी मागून येतीय का?"

मी सांगितलं, "बॉडी नाही. सापडली नाही."

गर्दीतून कुजबुज सुरू झाली आणि मला ती आजही ऐकू येते. दहा मिनिटांत निम्मी माणसं पांगली. घोषणा द्यायला आणलेली पोरं माघारी गेली. ट्रॉली तशीच उभी राहिली. ज्याच्यासाठी सजवली तो पेटीत बसून आला नाही हा जणू त्याचाच गुन्हा.

रामेश्वरचे वडील भानुदासअण्णा ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो. टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "पाणी घेता का?" डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं, धक्का बसलाय.

पुढं मी निवृत्त होऊन पडेगावात घर बांधलं. दर दिवाळीला वैजापूरकडं चक्कर व्हायची. एका दिवाळीला सविता चहा ठेवता ठेवता म्हणाली, "दिगूभाऊ, मी आता हळदीकुंकवाला बी जात नाय आन् दहाव्याला बी जात नाय. कुणीकडंच बोलवीत नाहीत."

"का?"

"लोक म्हणत्यात, त्यो दुबईला हाय. तिकडं दुसरी केलीय. आन् ही इकडं पेन्शन खाती."

मी कप खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"कोण नाय म्हणत ते इचारा."

मी तसाच उठलो आणि चावडीसमोर गेलो. तिथं काळ्या दगडाचं स्मारक बांधलंय, गावातल्या शहीद जवानांचं. नाव, हुद्दा, कुठं पडले ते ठिकाण. दोन लष्करातले, एक पोलिसातला. रामेश्वरचं नाव नाही. स्मारक समितीचे अध्यक्ष बापूसाहेब. मोठी जमीन, शहरात दोन दुकानं, गावात शब्द चालतो. ते पारावरच बसले होते, भोवती चार माणसं. मी विचारलं, नाव का नाही?

"बसा की, दिगंबरराव. चहा सांगतो."

"चहा झाला. नाव का नाही?"

"आता तुम्हीच सांगा," बापूसाहेब म्हणाले. "रामेश्वर कसा पोहायचा ते गावाला ठाऊक हाय. आमच्या मळ्यातल्या विहिरीत पाच परस, म्हंजी पाच माणसं उभी राहतील इतकं खाली बुडी मारून कळशी काढायचा. दम लई. कुणाचं जनावर पडू दे, माणूस पडू दे, रामेश्वरला बोलवायचं. असा पोहणारा माणूस बुडतो व्हय?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "बॉडी बी नाय ना. मग शक येतो."

मी आयुष्यभर हाताखालच्या पोरांना, नव्या रिक्रूटांना समजावून सांगितलंय. आवाज न चढवता. त्या दिवशी चढला. म्हटलं, "तुमच्या विहिरीला चार बाजूंनी कठडा आहे. पायऱ्या आहेत. तिथं बुडी मारणारा वर येतो कारण पाणी जागचं हलत नाही. समुद्र म्हणजे मोठी विहीर वाटली का तुम्हाला? दोर माझ्या हातात होता. गाठ मी सोडलीय. चौदा माणसं घरी गेली, तुमच्या गावच्या एका पोरामुळं चौथा माणूस बेशुद्धीतून उठून आपल्या लेकरांकडं गेला, आणि तुम्ही त्याला दुबईत दुसरी बायको करून देताय? त्याला यायचं असतं तर तो सविताकडं आला असता. रेंज जाईपर्यंत फोन कानाचा काढायचा नाही तो!"

बापूसाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"रागावू नका," ते म्हणाले. "आम्ही नाव घालणार हुतो. दगडावर जागा बी सोडलीय, बघा. भानुदासअण्णानंच नको म्हणून सांगितलं."

मी दगडाकडं पाहिलं. खाली खरंच जागा रिकामी होती.

परत घरी आलो. अण्णा ओट्यावरच होते, बाभळीच्या काडीनं दात कोरत. मी समोर बसलो.

"अण्णा, नाव तुम्ही थांबवलं?"

"व्हय."

"कामून?"

अण्णांनी काडी दातांतून काढली. मग म्हणाले, "नाव दगडावर गेलं की माणूस गेला. माझं पोरगं पोहणारं हाय, दिगंबर. म्या त्याला सवता शिकवलं. लोक म्हणत्यात त्यो तिकडं कुठंतरी निघाला आसंल. आसंल बी. मी सणाला गोदामाईत दिवा सोडतो. म्हणतो, माये, समुंदरात जातीस, तिथं दिसला तर सांग, घराकडं ये म्हणावं."

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत टिपूस का नव्हतं. आणि गावाचा जो राग आला होता तो दुप्पट झाला. या लोकांनी पारावर बसून, तंबाखू मळता मळता, मजा म्हणून जी गोष्ट रचली तीच गोष्ट हा म्हातारा उशाला घेऊन झोपत होता. त्यांच्यासाठी टाइमपास, यांच्यासाठी आस. सवितासाठी शिवी. एकाच अफवेनं एकाच घरातली दोन माणसं जाळली आणि जाळणारे चहा प्यायला मोकळे.

मी चिडून बोलून गेलो, "अण्णा, गोदावरी तिकडं जातच नाही. ती पूर्वेला जाते, बंगालच्या उपसागरात. रामेश्वर पश्चिमेला होता. अरबी समुद्रात."

अण्णांनी काडी टाकली. "समुंदर दोन हायत?"

"दोन आहेत. मध्ये अख्खा देश आहे."

"म्हंजी माझा एक बी दिवा..."

"नाही पोचला."

आत सविता भांडी घासत होती, तिचा हात थांबला. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. शिव्या देतील असं वाटलं. ते म्हणाले, "तुझा त्यो समुंदर मला दाव."

मी मुद्दाम पावसाळ्यात नेलं. हिवाळ्यात समुद्र शहाणा असतो, तो बघून काही कळत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर माझ्याबरोबरच्या एका चीफचं घर आहे, तिथं उतरलो. अण्णा, सविता आणि मी. अण्णांनी आयुष्यात सर्वांत मोठं पाणी पाहिलं होतं ते जायकवाडी धरणाचं. सकाळी त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेलो. लाटा पार वरच्या सुरूच्या झाडांपर्यंत येत होत्या. कोळ्यांनी होड्या ओढून बांधून ठेवल्या होत्या. एकही माणूस पाण्यात नव्हता.

अण्णा धोतर आवरून उभे राहिले. आवाज इतका की मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"पल्याडचा काठ कुठाय?"

"दिसत नाही, अण्णा. जहाजानं गेलं तरी कित्येक दिवस दिसत नाही."

"किती परस खोल?"

"तो होता तिथं मोजायला परस पुरत नाहीत."

एक लाट आली. गुडघ्याएवढंच पाणी, पण तिनं अण्णांच्या पायाखालची वाळू ओढून नेली. ते कोलमडले. मी एका हातानं धरलं, सवितानं दुसऱ्या. सावरून उभे राहिले, ओले, टोपी वाहून गेलेली. लाट परत आत जाताना ते तिच्याकडं बघत होते.

"ह्याच्यात उतरला त्यो?"

"याच्यापेक्षा मोठ्यात."

"कुणी ढकललं?"

"कुणी नाही. त्यानं अंगठा वर केला आणि गेला. तीनदा परत आला. चौथ्यांदा दोर दुसऱ्याला बांधला."

"त्यानंच बांधला? सवताच्या हातानं?"

"ती गाठ मी सोडलीय, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग लाटांकडं बघूनच म्हणाले, "ह्याच्यात कुणीबी बुडंल रं."

सविता तिथंच ओल्या वाळूत बसली. इतकी वर्षं तिनं कुणासमोर रडायचं टाळलं होतं. सधवा म्हणून रडलं तरी लोक बोलणार, विधवा म्हणून रडलं तरी बोलणार. तिथं तिला बोलणारं कुणी नव्हतं. मी थोडं दूर जाऊन उभा राहिलो. अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, पण स्वतः रडले नाहीत.

गावी पोचलो ते अण्णा घरी न जाता थेट पारावर गेले. बापूसाहेब आणि त्यांची मंडळी नेहमीसारखी बसलेली होती. अण्णा म्हणाले, "नाव घाला."

बापूसाहेब उठून उभे राहिले. "घालू, अण्णा. आम्ही तर आधीच म्हणत हुतो. पण लोकांचं बी खरं हाय, इतका पोहणारा माणूस..."

"पोहणारा हुता म्हणून तर उतरला," अण्णा म्हणाले. "ज्याला पोहता येत नाय त्यो काठावर बसून इचारतो."

त्यानंतर त्या पारावर दुबईचं नाव निघालं नाही. निदान माझ्या कानावर आलं नाही. बापूसाहेबांनी माफी मागितली नाही आणि मी ती मागायला लावली नाही. दगडावर नाव येईपर्यंत मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं, आणि आल्यावर गरज उरली नाही. पण राग गेला असं कुणी समजू नये. ज्या गावानं शवपेटीसाठी ट्रॉली सजवली आणि किट बॅग बघून पाठ फिरवली त्या गावाचा राग मला अजून येतो. माणूस देशासाठी मेला हे पटायला तुम्हाला त्याचं प्रेत का लागतं? समुद्रावर नोकरी करणाऱ्या शेकडो घरांना हा प्रश्न पडलेला आहे. त्यांच्याकडं दाखवायला काही नसतं.

पाथरवट आला त्या दिवशी मी हजर होतो. सविताही होती, आणि या वेळी तिच्याबरोबर गावातल्या चार बायका होत्या. पाथरवटानं आधी खडूनं लिहून घेतलं. रामेश्वर भानुदास. लीडिंग मेकॅनिक, नौदल. इतरांच्या नावापुढं ते पडले त्या ठाण्याचं नाव आहे. इथं त्यानं विचारलं, "ठिकाण काय टाकू?" मी सांगितलं, अरबी समुद्र.

अण्णा दगडाशेजारी मांडी घालून बसले. छिन्नीनं एक अक्षर झालं की हातानं चुरा झटकायचे, पुढचं झालं की पुन्हा झटकायचे. ऊन चढलं, कुणीतरी छत्री आणली, ती त्यांनी घेतली नाही. शेवटचं अक्षर झालं. अण्णांनी तोही चुरा पुसला, तळहात तसाच त्या नावावर ठेवला आणि म्हणाले, "राम्या, गेलास व्हय रं." मग त्यांनी सगळ्या गावासमोर हंबरडा फोडला. रामेश्वर जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचा बाप त्याला त्या दिवशी रडला.